पेव आणि डबा

भगिनींनो, धान्याची साठवण हा आपल्या घरांचा फार जुना उद्योग आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्याची पेवे आढळली.

सोलापूरकडील माझ्या आजोळीही पेव होते. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यात वाळलेली ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. आत ओल नाही, ताजी हवा नाही. मग कीड जगणार कशी? उघडल्यावर मात्र आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. आणि एकदा उघडलेले पेव लवकर रिकामे करावे लागे. वारा लागला की कीड आलीच.

पुढे १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. वर्षाची बेगमी करणाऱ्या गृहिणीला मोजक्या शिध्यात घर चालवावे लागले. माझी आई तेव्हापासून मापट्याने मोजूनच तांदूळ वैरी.

आज दुकानांचेच पेव फुटले आहे! स्वस्त म्हणून आणलेले मोठे पोते रोज उघडझाप होऊन पोरकिड्यांच्या मुखी पडते. म्हणून मला वाटते, महिन्याला लागेल तेवढेच आणावे. ऊन दिलेले धान्य निवल्यावरच भरावे, आणि जुने संपवून, डबा पुसून मगच नवे ओतावे. शेतकऱ्याच्या घामाचे धान्य उकिरड्यावर जाऊ नये, एवढेच मागणे.