घरपट्टीतले तीन टक्के

बेळगाव, निपाणी किंवा खानापूर येथे ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांनी घरपट्टीचे चलन एकदा सावकाश वाचावे. मूळ कराखाली उपकरांच्या काही ओळी असतात. आरोग्य सेस पंधरा टक्के, ग्रंथालय सेस सहा टक्के, आणि त्यांच्या जोडीला तीन टक्क्यांचा 'भिक्षुकर' सेस. कानडी शब्द मराठी डोळ्यांनी वाचला की घोटाळा होतो. आपला भिक्षुक म्हणजे सत्यनारायणाची पोथी वाचणारा. हा कर मात्र भटजींच्या दक्षिणेसाठी नव्हे, तर ज्याला छप्पर नाही आणि ज्याने रस्त्यावर हात पसरला आहे, त्याच्यासाठी आहे. घरपट्टी दहा हजार असेल तर त्यावर तीनशे रुपये. गावोगावचे घरमालक वर्षानुवर्षे ही रक्कम भरत आले आहेत. तिचे पुढे काय होते, हे विचारणारा मात्र विरळाच.

आपल्याकडे बेघरांची सोय ही पूर्वी नगरपालिकेची बाब नव्हतीच. ती धर्माची, पुण्याची बाब होती. अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द 1767 ते 1795) देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली ती खासगीच्या उत्पन्नातून. पण धर्मशाळा ही मुळात वाटसरूची. तीन रात्री राहावे आणि पुढे चालू लागावे, हा बहुतेक धर्मशाळांचा शिरस्ता. ज्याला पुढे जायला गावच नाही, त्याचे काय, हा प्रश्न धर्मशाळेच्या पायरीशीच थांबत असे. गाडगेबाबांनी पुढे बांधलेल्या धर्मशाळांचे मोल यासाठी वेगळे, की त्यांनी गरिबाला पाहुणा मानले. तरी त्यांचाही पैसा लोकवर्गणीचाच होता.

सरकारने या माणसाकडे पाहिले ते फौजदारी नजरेने. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या राज्याने 1945 साली भिकाऱ्यांसंबंधी कायदा केला, आणि 1959 साली त्याची जागा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने घेतली. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे, एवढ्यावरही त्या कायद्यात माणसाला पकडता येत असे. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडवास. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याची शिक्षेची कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

म्हैसूर संस्थानाने 1944 साली केलेल्या कायद्याची दृष्टी फारशी निराळी नव्हती. पुढे 1975 च्या कर्नाटक कायद्यानेही तीच वाट धरली. मात्र त्यात एक व्यवहारी शहाणपण होते: खर्च कोणी करायचा ते लिहून ठेवले. स्थानिक संस्थांनी मालमत्ता कराबरोबर सेस गोळा करावा, तो मध्यवर्ती परिहार समितीकडे द्यावा, आणि समितीने निराश्रितांची केंद्रे चालवावीत. दयेवर न सोडता वहीत खाते उघडले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. घात झाला तो पुढे. लोकांकडून सेस वसूल करायचा आणि समितीकडे भरायचा नाही, अशी तक्रार नगरपालिकांविरुद्ध वारंवार होत राहिली. ऑगस्ट 2010 मध्ये बंगळुरूच्या मागडी रस्त्यावरील केंद्रात थोड्या दिवसांत वीसहून अधिक माणसे दगावली. गदारोळ झाला, समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. कर होता, इमारत होती, कायदाही होता!

त्याच वर्षी दिल्लीत दुसरा धागा सुरू झाला. ऐन थंडीत एक रात्रनिवारा पाडला गेला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये हस्तक्षेप केला, आणि पुढे साऱ्या राज्यांना सांगितले: मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत देशात 17.73 लाख बेघर मोजले गेले, त्यांपैकी 9.38 लाख शहरांत. 2013 साली केंद्राने राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची योजना आणली. आरंभी केंद्राचे पंच्याहत्तर टक्के, राज्याचे पंचवीस, पुढे साठ-चाळीस. माणशी पन्नास चौरस फूट जागा हवी, असा दंडक होता.

बांधकाम एकदाच करायचे असते, त्याचे उद्‌घाटन होते, कोनशिला बसते. खरा खर्च तिथून पुढचा असतो. तीन पाळ्यांचा राखणदार, पाणी, वीज, संडासाची सफाई, दर हिवाळ्याला धुतलेली पांघरुणे. चालवण्याच्या या खर्चाला योजनेतून पाच वर्षेच मदत होती. त्यानंतर भार पालिकेवर. आलेला पैसाही धड खर्च होत नाही हे दिसल्यावर 2016 साली न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

आपल्या इंदूरचे उदाहरण इथे टाळता येत नाही. 2017 पासून स्वच्छतेत सतत पहिले येणारे हे शहर. 29 जानेवारी 2021 रोजी तिथल्या महापालिकेच्या कामगारांनी रस्त्यावरच्या वृद्धांना मालमोटारीत भरून देवास रस्त्यावरील क्षिप्रा गावापाशी उतरवायला सुरुवात केली. गावकरी आडवे आले, चित्रफीत काढली, म्हणून त्या म्हाताऱ्यांना पुन्हा गाडीत चढवले गेले. एक उपायुक्त निलंबित झाले. अहिल्याबाईंचे नाव मिरवणाऱ्या नगरीत हे घडावे! आणि त्याच शहरात रैन बसेरेही होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

केंद्राच्या त्या अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. घरपट्टीतला सेस मात्र कायद्याने भीक मागताना सापडलेल्यांच्या केंद्रांसाठी आहे. बसस्टँडच्या आडोशाला झोपणारा हमाल, लग्नसराईत भांडी घासणारी बाई, ऊसतोडीहून परतताना चुकलेला म्हातारा, यांनी कोणापुढे हात पसरलेला नसतो. त्यामुळे त्या तीनशे रुपयांत त्यांच्या नावाचा एक पैसाही नसतो.