यास्नाया पोल्यानाची लेखनशाळा

मुलांना लिहावयास कसे शिकवावे, हा प्रश्न परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष जाणवतो. मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात. मराठीचा भार घरावर पडतो. बोलणे जमते, वाचणेही हळूहळू जमते; परंतु आजीला पत्र लिहावयास बसविले की ‘इकडील सर्व क्षेम’ याच्यापुढे लेखणी सरकत नाही. अशा वेळी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रशियातील एका खेड्यात झालेल्या प्रयोगाचे स्मरण आम्हांस होते.

लिओ टॉलस्टॉय यांनी ‘युद्ध आणि शांती’ १८६३ साली लिहावयास घेतली. त्याच्या आधीची काही वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाही. तूला शहराजवळील यास्नाया पोल्याना या आपल्या जमीनदारीच्या गावी १८५९ साली त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८६०-६१ मध्ये जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड येथील शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि तेथील घोकंपट्टीला विटून ते परतले. १८६१ सालीच रशियातील भूदास मुक्त झाले होते. या शाळेत मुलाने पाटी-पुस्तक आणावयाचे नसे, घरचा अभ्यास नसे, आणि येण्याचीही सक्ती नसे.

लेखन शिकविताना टॉलस्टॉय यांनी प्रथम सर्वमान्य पद्धतच धरली. सोपा विषय म्हणून टेबल, पाव, झाड यांचे वर्णन करावयास सांगितले. मुले रडकुंडीला आली. मात्र तीच मुले घडलेली एखादी हकीकत सुरेख सांगत. मोठ्यांना जे सोपे वाटते ते मुलांना सोपे नसते, हा पहिला धडा शिक्षकालाच मिळाला.

पुढे एकदा त्यांनी एका रशियन म्हणीवरून गोष्ट लिहिण्याचे सुचविले. चमच्याने घास भरवायचा आणि त्याच्याच दांड्याने डोळा टोचायचा, अशी ती म्हण. एका शेतकऱ्याने भिकाऱ्याला आश्रय द्यावा आणि मग केलेल्या उपकाराचे टोमणे मारावेत, असे कथानक त्यांनी पुढे ठेवले. मुलांनी ‘तुम्हीच लिहा’ म्हटले. टॉलस्टॉय यांनी एक पान लिहिले. मुलांनी ते वाचून नापसंत केले व चुका काढू लागली. सेमका आणि फेडका हे दोघे तर पुढे सरसावून सांगू लागले आणि जगाने पुढे ज्याला थोर कादंबरीकार मानले तो त्यांचा लेखनिक झाला. संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत हे काम चालले. भूक, थकवा कोणास जाणवला नाही.

गोष्टीतील एका खेडूताने घाईत बायकी कातडी डगला अंगावर घेतला, असे लिहावे हा फेडकाचा आग्रह. पुरुषाचा डगला का नको, असे विचारता त्याला कारण सांगता येईना. पण बायकीच हवा, हे त्याने सोडले नाही. विचाराअंती टॉलस्टॉय यांच्या ध्यानी आले की त्या एका डगल्याने तो किरकोळ, अरुंद छातीचा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे ती हस्तलिखिते मुलांनी खेळण्याचे कागदी फटाके करण्यात नाहीशी केली. टॉलस्टॉय फार हळहळले. तेव्हा फेडका आणि सेमका त्यांच्या घरी रात्री मुक्कामाला राहिले आणि गोष्ट पुन्हा लिहून काढली.

या अनुभवावर १८६२ साली त्यांनी ‘यास्नाया पोल्याना’ या आपल्याच मासिकात लेख लिहिला. कोणी कोणापासून लिहावयास शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्यापासून की आम्ही त्यांच्यापासून, असा त्याचा मथळाच होता. त्यातील उपपत्ती आम्हांस फार मोलाची वाटते. अनेक कल्पनांतून एक निवडणे, तिला शब्द शोधणे, तिची जागा ध्यानात ठेवणे, सांगितलेले पुन्हा न सांगणे, मागचे पुढच्याशी जोडणे आणि हे चालू असता हाताने अक्षर काढणे, एवढी कामे लिहिणाऱ्याला एकदम करावी लागतात. मूल अडते ते या गर्दीत. म्हणून शिक्षकाने प्रथम बहुतेक ओझे स्वतः उचलावे, मुलाकडे केवळ शब्द योजण्याचे काम ठेवावे आणि मग एकेक ओझे त्याच्याकडे सोपवीत जावे. लेखणी हाती धरणे सर्वांत शेवटी. लेखन तपासताना वहीचा टापटीपपणा, अक्षर, शुद्धलेखन यांविषयी, आणि विशेषतः वाक्यरचनेविषयी, मुलाला टोकू नये, असेही त्यांनी बजावले.

यावर आक्षेप घेता येईल की फेडका असामान्य होता आणि शिक्षक तर टॉलस्टॉय होता. आक्षेप खरा आहे. पण ओझे वाटून घेण्यास प्रतिभा लागत नाही, धीर लागतो.

या शाळेला आयुष्य थोडेच लाभले. जुलै १८६२ मध्ये टॉलस्टॉय समाराच्या माळरानावर असताना, गुप्त छापखाना असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. सापडले काहीच नाही. पण त्यांचे मन विटले. सप्टेंबरात त्यांचा विवाह झाला, आणि शाळा व मासिक दोन्ही लवकरच थांबली. तरी १८७२ साली त्यांनी मुलांसाठी ‘अझ्बुका’ हे पहिले पुस्तक काढले, यावरून ती ओढ टिकून होती हे दिसते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांचा दिवस हाताखालच्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात जातो. सायंकाळी मुलाच्या वहीवर तीच लाल शाई उतरली तर नवल नाही. शुद्धलेखन यावयासच हवे. परंतु त्याचा तास निराळा ठेवावा. पत्राच्या वेळी मुलाजवळ बसावे, काल काय घडले ते त्याला सांगू द्यावे आणि काही दिवस लेखणी आपण धरावी. त्याने एखादा चमत्कारिक तपशील हट्टाने सांगितला, तर तो गाळू नये. आजीला क्षेमकुशल ठाऊकच असते; त्या तपशिलातच तिला नातवंड दिसते.