मोटार हाकण्याची विद्या आणि रस्त्यावरचे मरण

हाकणाऱ्याला नीट हाकता येत नाही म्हणून रस्त्यावर माणसे मरतात. तेव्हा त्याला शिकवा, म्हणजे माणसे मरायची थांबतील. हा विचार इतका सरळ आहे की, त्याला पुरावा मागावा असे पुष्कळ वर्षे फारसे कोणाला वाटलेच नाही. तो मागितला गेला तेव्हा काय निघाले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे. ती परक्या देशांत घडली असली तरी आपल्या दाराशी येऊन पोहोचणारी आहे. भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे दगावली, अशी सरकारी नोंद आहे. सोलापूर किंवा सांगलीसारख्या शहरातली काही पेठाच्या पेठा रिकाम्या व्हाव्यात, असा हा आकडा आहे.

आरंभ इंग्लंडपासून करू. तेथे १९०३ च्या कायद्याने मोटार हाकणाऱ्यास परवाना लागू लागला खरा, पण परीक्षा नव्हती. पाच शिलिंग भरले की परवाना हाती. हाकता येते की नाही, हे विचारण्याचे कोणास कारण नव्हते. मोटार ही तेव्हा श्रीमंताची वस्तू होती आणि श्रीमंताची परीक्षा कोण घेणार? १९३० मध्ये तर कायद्याने मोटारींची ताशी वीस मैलांची वेगमर्यादाही काढून टाकली. १९३१ मध्ये रस्त्यावरील वर्तनाची एक छोटी पुस्तिका सरकारने काढली व ती एक पेनीला विकली. पुस्तिका चांगली होती. माणसे मात्र मरतच राहिली. १९३४ मध्ये ७,३४३ माणसे मेली, आणि तीही आजच्या मानाने मूठभर वाहने असताना.

त्या वर्षी लेस्ली होअर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत पादचाऱ्यांच्या ओलांडणीपाशी पिवळ्या गोळ्यांचे खांब उभे राहिले, वस्तीतून ताशी तीस मैलांची मर्यादा आली, आणि १९३५ च्या मार्चपासून ऐच्छिक व जूनपासून सक्तीची अशी परीक्षा सुरू झाली. परीक्षेसाठी इमारती नव्हत्या. परीक्षक आणि उमेदवार ठरवून एखाद्या बागेपाशी वा रेल्वे स्टेशनपाशी भेटत. फी साडेसात शिलिंग. पहिल्या वर्षी शंभरातले त्रेसष्ट उतरले. त्या वर्षाअखेर मृतांचा आकडा ६,५०२ वर आला.

परीक्षेचा विजय झाला, असे कोणीही म्हणेल. पण जरा थांबावे. त्याच वर्षी वेगमर्यादाही आली होती आणि खांबही उभे राहत होते. घट कोणाच्या खात्यावर मांडायची? शिवाय जुने परवानेवाले परीक्षेतून सुटलेलेच होते. १९३६ मध्ये आकडा ६,५६१ झाला, १९३७ मध्ये ६,६३३. नव्या, परीक्षा दिलेल्या चालकांची संख्या वर्षागणिक वाढत असताना घट पुढे सरकली नाही. युद्ध सुरू होताच परीक्षा बंद पडल्या आणि १९४१ मध्ये ९,१६९ माणसे मेली. परंतु त्याचे मुख्य कारण परीक्षेचा अभाव नसून बाँबच्या भयाने विझवलेले दिवे होते. अंधारात उत्तीर्ण व अनुत्तीर्ण सारखेच.

शिक्षणावरचा खरा विश्वास अमेरिकेत फोफावला. तेथे पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी एमॉस नेहार्ट यांनी १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत शाळकरी मुलांना मोटार हाकण्याचे वर्ग सुरू केले. पुढे हा विषय हजारो शाळांत गणित-भूगोलाशेजारी जाऊन बसला. वर्ग केलेल्या मुलांना विमा कंपन्या सवलत देऊ लागल्या, कारण त्या मुलांचे अपघात कमी होत असे दिसे. दिसत होते ते खोटे नव्हते. पण वर्गाला कोण जात होते? ज्याच्या घरी शिस्त आहे, जो मुळातच जपून वागतो, तोच. तालमीत जाणारी मुले धट्टीकट्टी दिसतात. त्यांतली किती तालमीने झाली आणि किती धट्टीकट्टी होती म्हणूनच तालमीत गेली, हे नुसते पाहून कसे कळावे?

ते कळण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता, आणि तो जॉर्जिया राज्यातील डीकॅल्ब परगण्यात १९७० नंतरच्या दशकात अखेर अवलंबिला गेला. सुमारे सोळा हजार विद्यार्थी घेतले आणि जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला त्या काळी उत्तमांत उत्तम समजला जाणारा, सुमारे सत्तर तासांचा अभ्यासक्रम. दुसऱ्याला परवान्यापुरता आटोपशीर. तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही, आईबापांनी शिकवावे. मग काही वर्षे त्यांच्या अपघातांची नोंद ठेवली. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने शिकलेल्यांचे पारडे किंचित जड होते. मग तेही सपाट झाले. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली: शिकवलेल्या मुलांनी परवाने लवकर काढले होते. सोळा वर्षांचे पोर वर्षभर आधी रस्त्यावर आले, तर तेवढे वर्षभर जास्त धोक्यात राहिले. कनेक्टिकट राज्याने १९७६ मध्ये या वर्गांचे अनुदान थांबवले. ज्या गावांनी वर्ग बंद केले तेथील बहुतेक मुले अठरा पुरी होईपर्यंत परवान्यावाचून राहिली, आणि त्या वयाच्या मुलांचे अपघात वाढण्याऐवजी कमीच झाले!

नॉर्वेची गोष्ट याहून विलक्षण. तेथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठते आणि मोटारी घसरतात. म्हणून १९७९ च्या सुमारास नव्या चालकांना घसरती गाडी सावरण्याची खास तालीम देण्यात आली. तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात त्यानंतर वाढले. कारण समजण्याजोगे आहे. विहिरीत चार दिवस पोहून आलेला मुलगा पुराच्या पाण्यात उडी टाकतो. ज्याला पोहता येत नाही तो काठावर उभा राहतो. हात सुधारला, पण हातावरचा विश्वास त्याहून अधिक सुधारला.

यावरून 'शिक्षण फुकट' असे म्हणणारे निघाले, आणि त्यांनाही आमचे मन मान्यता देत नाही. स्वीडनने १९९३ मध्ये परवान्याचे वय अठराच ठेवले, पण सराव करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले. शेजारी आई, बाप किंवा कोणी अनुभवी माणूस बसलेले हवे, एवढी अट. ज्यांनी ही संधी घेतली त्यांचा सराव सरासरीने ११८ तासांवर गेला. पूर्वी तो चाळीस-पन्नास तासांत उरकत असे. पुढे परवाना मिळाल्यावर या मुलांच्या अपघातांचे प्रमाण चांगलेच घटलेले आढळले. ती घट सगळीच सरावाची नव्हती, जपून वागणाऱ्या घरांचाही त्यात वाटा होता. तो वजा घालूनही लाभ उरला. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवानाच टप्प्याटप्प्याने देण्यास आरंभ केला: आधी शिकाऊ, मग रात्री हाकण्यास व मित्र बसवण्यास बंदी असलेला, आणि मग पुरा. तेथेही तरुणांच्या दुखापती कमी झाल्या.

आपल्याकडे बैलगाडीची विद्या अशीच दिली जात असे. पोरगे चार-पाच वर्षांचे असल्यापासून धुरेपाशी बसे, दहाव्या वर्षी सपाट माळावर कासरा हातात येई, आणि घाटाच्या उतारावर मात्र बाप तो परत घेई. वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती. तास मात्र मोजता येणार नाहीत इतके होते.

मोटारीला ही रीत आम्ही लावली नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खाजगी मोटार शिकवणाऱ्या शाळेत किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष हाकण्याचे दहा तास व्हावयास हवेत. स्वीडनमधील मुलाचे ११८ आणि आमचे हे दहा. आणि दहाही कागदावर पुरे होतात की चाकावर, हे ज्यांनी अशा शाळेत पैसे भरले आहेत ते श्रोते आमच्यापेक्षा चांगले जाणतात. शिकाऊ परवान्यानंतर महिनाभर थांबले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या महिन्याभरात रात्र, पाऊस, घाट आणि ऊस भरलेला दिवे नसलेला ट्रॅक्टर यांपैकी किती गोष्टी त्याच्या वाट्याला येतात?

मोटारीचे निदान शेजारचे आसन तरी असते. २०२२ मधील मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. स्कूटर शिकणाऱ्याच्या बाजूला बसावयास जागाच नसते. वडील भाऊ मागचे आसन धरून मैदानावर पन्नास-साठ पावले धावतो, दम लागला की हात सोडतो. आठवडाभराने मुलगा परिवहन कचेरीच्या आवारात इंग्रजी आठाच्या आकड्यावर एक फेरी मारून दाखवतो, आणि तेथून परस्पर महामार्गाला लागतो.