मायना : मजकुराआधीचा मजकूर

वर्डप्रेससारख्या प्रणालीत लेख चढवताना शीर्षक, दिनांक, लेखकाचे नाव यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. आपण फक्त मजकूर ओततो. साचा आवडला नाही तर दुसरा निवडतो. मराठी लेखनात ही निवड नवी आहे, साचा मात्र जुनाच.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापासून पडक्या शिवालयापर्यंत प्रत्येक जुने दगडी देऊळ ‘हेमाडपंती’च ठरते. (त्यांतल्या किती देवळांशी हेमाद्रीचा खरोखर संबंध होता, हा प्रश्न निराळा.) महादेव आणि रामचंद्र या तेराव्या शतकातील यादव राजांच्या या करणाधिपाच्या नावावर परंपरेने आणखी एक गोष्ट घातली आहे : ‘मेस्तक’, म्हणजे कोणाला कसे पत्र लिहावे याचे नियम.

मराठेशाहीतील पत्र पाहावे. माथ्यावर ‘श्री’, मग मायना, नमस्कार किंवा आशीर्वाद, ‘विनंती विशेष’, आणि त्यानंतर कुठे हकीकत. अखेरीस ‘बहुत काय लिहिणे’. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत; अशा सलग ओळींत ही ठरीव पदे वाचणाऱ्याला खुणेच्या दगडांसारखी उपयोगी पडत असली पाहिजेत. शिवाजी महाराजांच्या पत्राखाली ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटे. पत्राची मर्यादा तिथे संपली. त्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडावी.

इथवर ही सोय झाली. पण मायना माणसाची पायरीही ठरवीत असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, सवाष्णीला ‘वज्रचुडेमंडित’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. पत्रात तिच्या खुशालीचा एक शब्द येण्याआधी तिचे वैधव्य लिहून होई, आणि लिहिणारा प्रत्यक्ष तिचा मुलगा असला तरी त्याला दुसरी जागा नव्हती. ‘नमस्कार’ कोणी घालावा यावरून तर जातीजातींत तंटे झाले. १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास मनाई केली होती. एका अभिवादनासाठी सरकारी हुकूम निघतो, तेव्हा त्या शब्दाला केवळ रीत म्हणून सोडून देता येत नाही.

वर्गात पत्रलेखन शिकवताना मुले ‘स. न. वि. वि.’ बिनचूक लिहितात. त्याचा विस्तार विचारला की गप्प बसतात. मला पूर्वी याचे वाईट वाटे, आता तितके वाटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ वापरण्याचा प्रस्ताव मागवला, तेव्हा अनेक स्त्रियांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांना त्या दोन अक्षरांचा विस्तार पाठ होता.