कोस, मैल आणि एका काट्याची गोष्ट

बऱ्हाणपुराहून असीरगड सुमारे 20 किलोमीटर. हेच अंतर मैलांत साडेबारा, आणि अकबरी कोसांत जेमतेम पाच. 1601 साली हा किल्ला अकबराने घेतला, तेव्हा त्याच्या दरबारचा कोस 5000 इलाही गजांचा होता. 'आईन-इ-अकबरी'त तसे नमूद आहे. पुढे ताव्हेर्निएसारखा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला, त्यानेही वाट कोसांतच मोजली. इंग्रजी अमलात मैलांचे दगड आले. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने मीटर हे प्रमाण ठरले आणि मैल मागे पडला. वाट मात्र जागची हलली नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त क्षुल्लक आहे. तापीकाठच्या या गावी एका स्नेह्याकडे जुनी ब्रिटिश मोटारसायकल आहे. तिचा वेगदर्शक मैलांचा. तो किलोमीटरचा करून घ्यावा असे घरच्या मुलांचे म्हणणे. आम्हांस वाटले, तबकडी नवी रंगवली की काम झाले. कारागिराने आमची समजूत दुरुस्त केली.

चाकाकडून येणारी केबल आत एक चुंबक फिरवते. चुंबकाच्या ओढीने धातूची हलकी वाटी वळू पाहते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते. या झटापटीत काटा जिथे ठरतो तो वेग. त्यामुळे वेगापुरते नवे आकडे लिहून भागते, फक्त जुन्या 30 च्या जागी 48 येतात आणि 50 ची रेघ 31 मैलांपाशी शोधावी लागते. खरी अडचण खालच्या अंतराच्या आकड्यांची. ते दात्यांच्या चाकांवर चालतात आणि रंग बदलला तरी मैलच मोजत राहतात: 100 किलोमीटर धावावे तर 62 दिसावेत! स्मिथ्स कंपनीच्या अशा अनेक तबकड्यांवर 1600 हा बारीक आकडा असतो, म्हणजे मैलामागे केबलचे 1600 फेरे. त्यांच्याच किलोमीटरच्या तबकडीवर 1000 असतो. मैल 1.609 किलोमीटरचा, तेव्हा 1600 चे 994 होतात. फरक शेकडा एकाहूनही कमी. म्हणून केबल तीच ठेवून आतली चाके तेवढी बदलता येतात.

पण चाके बदलली की आजवर साठलेल्या आकड्याचे काय? तो तसाच ठेवला तर पहिला भाग मैलांचा, पुढचा किलोमीटरचा, आणि बेरीज कशाचीच नाही. 1.609 ने गुणून नवा आकडा बसवला तर हिशेब जुळतो, पण यंत्राने स्वतः मोजलेले पुसले जाते. गाडी स्नेह्याच्या वडिलांनी चालवलेली; त्या मैलांत त्यांचे आयुष्य होते. जुन्या दप्तरांत बिघ्याचे एकर करताना मूळ नोंद खोडलेली पाहून आम्ही अनेकदा हळहळलो आहोत, त्यामुळे आमचे मत एका बाजूला झुकलेले होते, हे कबूल करतो.

अखेर मूळ वेगदर्शक न उघडता काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्याच्यावरचा आकडा आणि तारीख वहीत उतरवून घेतली. गाडीवर किलोमीटरचा दुसरा बसवला, शून्यापासून. मग असीरगडापर्यंत जाऊन आलो. घराशी उतरलो तेव्हा 41 दिसत होते.