चढणीचे मासे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की सातारा-सांगलीकडच्या ओढ्यांवर माणसे गोळा होतात. कृष्णा, कोयना, वारणेतले मासे गढूळ लोंढ्याच्या उलट दिशेने ओढ्यात शिरतात आणि काही तर थेट शेताच्या बांधापर्यंत येतात. हे ‘चढणीचे मासे’. शिराळ्याकडे लहानपणी आम्हीही ते पकडले. गाबोळीने भरलेली मादी सापडली की आनंद दुप्पट होई. आपण नेमके काय पकडत होतो, हे प्राणिशास्त्र शिकल्यावर कळले.

अमेरिकेतल्या लहान नद्यांत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा वसंतात अंडी घालतो. पाणी साधारण १५-१६ अंश सेल्सिअस झाले की नर खडीत खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि पुढे पिल्लांची राखणही नरच करतो. आपल्याकडे वसंतात नद्या आटलेल्या असतात. मासे डोहांत दाटीवाटीने दिवस काढतात. त्यांचा हंगाम उघडतो तो पावसाबरोबर. मरळीसारखे अपवाद सोडले, तर इथल्या बहुतेक माशांत राखण करणारा बाप नसतो. नव्या, उथळ पाण्यात अंडी टाकणे एवढीच पिल्लांची तरतूद.

या माशांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स याने १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी केली. भीमेच्या खोऱ्यात त्याने मासे गोळा केले (भीमा पुढे कृष्णेलाच मिळते) आणि त्यांची वर्णने १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध केली. लोकांकडून ऐकलेली नावेच त्याने लॅटिन नावांना जोडली. आपला मळ्या आजही ‘गारा मुल्ल्या’ आहे आणि खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, ‘टॉर खुद्री’. मासेमारांचे हे ऋण शास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

नावे घेतली गेली, पण चढणीबद्दलचे त्यांचे ज्ञान मागेच राहिले. फ्रान्सिस डे याने १८७३ च्या अहवालात अंडी भरलेले मासे आणि पिल्ले यांच्या बेसुमार मारीकडे सरकारचे लक्ष वेधले. त्यानंतर १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. त्याने सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यावर बंदी घातली. प्रांतिक सरकारांना जाळी व बांध यांवर नियम करण्याचा आणि ठराविक पाण्यात फार तर दोन वर्षे मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार मिळाला. दरवर्षीच्या विणीच्या हंगामाचा मात्र त्यात थेट उल्लेख नव्हता.

हा हंगाम उपयोगात आणला तो डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. मत्स्यव्यवसाय खात्याच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर, १९७० पासून, त्यांनी लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ खडशीची कृत्रिम वीण घडवली. पावसाळ्यात तयार झालेल्या मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे शुक्र मिसळायचे आणि ती वाहत्या स्वच्छ पाण्यात उबवायची. लाखो पिल्ले तयार झाली. काही कावेरीतही सोडली गेली आणि तिथे गणित चुकले. कावेरीच्या मूळच्या, पाठीवर कुबड असलेल्या महसीरची जागा ही खडशी घेऊ लागली, असे संशोधकांचे मत आहे. २०१८ मध्ये त्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. ज्या माशाला वाचवायला निघालो, तोच दुसऱ्या नदीत उपरा ठरला.

आपल्या ओढ्यात परके बीज सोडण्याची गरजच नाही, चढण मोकळी राहिली तरी पुरे. पहिला लोंढा कोणत्या तारखेला आला, आधी मळ्या चढला की शिंगटी, बंधाऱ्याशी मासे कुठे अडले, हे नववीची मुले वहीत टिपू शकतील. मात्र ओढ्यात पाणी अचानक चढते, तेव्हा काठावरूनच पाहायचे. आणि गाबोळीची मादी हाती लागली, तर तिला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडून द्यायचे.