हजार प्रतींची तबकडी

सिएटलमधील ‘सब पॉप’ या छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीने नोव्हेंबर १९८८मध्ये ‘निर्वाणा’ या तेव्हा फारशा कोणास ठाऊक नसलेल्या रॉक गटाची पहिली तबकडी काढली. आकार ७ इंची, दोन बाजूंना दोन गाणी. त्यांतले ‘लव्ह बझ’ तर मुळात ‘शॉकिंग ब्लू’ या डच गटाचे. प्रती १,००० आणि वेष्टनावर हाताने घातलेला क्रमांक.

यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेन्यामिनने १९३६ साली मांडले, ते आपण वर्गात शिकवतो. येथे यंत्रातून निघालेल्या प्रतीला शाईच्या एका आकड्याने ते वलय परत देऊ केले आहे. आकडा म्हणजे स्वाक्षरी नव्हे, पण तिचा जवळचा नातलग खरा.

या तुटपुंज्या संख्येमागे गरिबीची निरागसता पाहण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांस तो मान्य नाही. ‘सब पॉप’चा उगम ब्रूस पॅव्हिटने १९८०मध्ये ऑलिम्पियात सुरू केलेल्या एका अनियतकालिकात आहे, आपल्या साठोत्तरी लघुनियतकालिकांची आठवण व्हावी असाच तो उद्योग. पुढे जोनाथन पोनमन त्याला येऊन मिळाला. ही तबकडी मात्र त्यांच्या ‘सिंगल्स क्लब’चा पहिला अंक होती. वर्गणी आगाऊ घ्यायची, दरमहा एक तबकडी टपालाने धाडायची आणि प्रती मोजक्याच ठेवायच्या, अशी ती योजना. म्हणजे दुर्मीळता ओघाने आलेली नव्हती. ती आखलेली होती. खेळते भांडवल नसलेल्या प्रकाशकाला वर्गणीदार का हवे असतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण या हिशेबात नव्या गटाचे पहिले गाणे वर्गणीदारांच्या वर्तुळातच अडकले, हेही नजरेआड करता येणार नाही.

वेष्टनावर गायकाचे नाव ‘कर्ट कोबेन’च्या नेहमीच्या वर्णांनी नव्हे, तर ‘कुर्ड्ट कोबेन’ असे मुद्दाम मोडून छापले आहे. एकीकडे प्रत्येक प्रत निराळी ठरवणारा क्रमांक, दुसरीकडे स्वतःच्याच नावाशी केलेली ही थट्टा. आम्हांला यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. सहीला येणाऱ्या मोलावर सही करणाराच इतका अविश्वास दाखवतो, असे क्वचित घडते.

सप्टेंबर १९९१मध्ये ‘नेव्हरमाइंड’ आला, जानेवारी १९९२मध्ये तो अमेरिकी विक्रीयादीत अव्वल ठरला, एप्रिल १९९४मध्ये कोबेन गेला. त्यानंतर त्या १,००० प्रती ऐकण्यासाठी कमी आणि जपण्यासाठी अधिक उरल्या. २००८पासून भरणाऱ्या ‘रेकॉर्ड स्टोअर डे’च्या निमित्ताने मर्यादित आवृत्त्यांना वार्षिक उत्सवाचेच रूप आले; स्वाक्षरी असलेल्या प्रतींना तर वेगळी किंमत लावली जाते.

‘लव्ह बझ’च्या बनावट प्रतीही निघाल्या. त्यामुळे जाणकार संग्राहक वेष्टनावरील आकड्यावर विसंबत नाही. गाणे संपल्यावर सुई जिथे नुसतीच फिरत राहते, त्या मधल्या गुळगुळीत पट्टीवरचे कोरलेले वर्ण तो भिंग घेऊन तपासतो.